सायलेन्सरातला सेन्सर खरंच गेला का?

वाचकांचे प्रश्न : वाहन विभाग

चेक इंजिनचा पिवळा दिवा आणि ऑक्सिजन सेन्सर या एकाच विषयावर इतकी पत्रं आली की क्लच आणि बॅटरीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवावे लागले. पत्रं थोडक्यात दिली आहेत, भाषा लिहिणाऱ्यांचीच आहे. हा माल तालुक्याला सहसा मिळत नाही, नागपूर-अमरावतीहून मागवावा लागतो आणि एकदा लावलेला इलेक्ट्रिकचा पार्ट दुकानदार परत घेत नाही. म्हणून उत्तरांत बदलण्याइतकीच जागा तपासणीला दिली आहे.

प्रश्न : भाऊ, माझी २०१७ ची पेट्रोल गाडी आहे, ९६ हजार किमी झाली. महिन्यापासून पिवळा दिवा लागून राहिला. ॲव्हरेज १८ चं १४ वर आलं. स्कॅनरवर पी ०१७१ आला. मिस्त्री म्हणतो ऑक्सिजन सेन्सर गेला, साडेचार हजार लागतील. हा सेन्सर करतो काय, अन् बदलूनच टाकू का?
– वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : एवढ्यात नका बदलू. पी ०१७१ हा सेन्सर बिघडल्याचा कोड नाहीच. मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी दिसतंय, आणि पेट्रोल वाढवून वाढवून गाडीतल्या कॉम्प्युटरची हद्द संपत आली, एवढंच तो सांगतो. सेन्सरच्या स्वतःच्या तक्रारीचे कोड वेगळे असतात: पुढच्या सेन्सरचे पी ०१३० ते ०१३५, मागच्याचे पी ०१३६ ते ०१४१. त्यातलेही काही नुसत्या वायरिंगमुळे येतात.

पुढचा सेन्सर मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्यांवर) किंवा त्याच्या लगेच खाली, कॅटच्या, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, आधी बसतो. त्याच्या टोकात झिर्कोनियाची चिनीमातीसारखी बंद नळी असते, दोन्ही बाजूंनी प्लॅटिनमचा मुलामा. बाहेरून तिला इंजिनचा धूर लागतो, आतून बाहेरची ताजी हवा. सुमारे ३०० अंशांच्या वर तापली की दोन बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकामुळे ती स्वतःच व्होल्टेज तयार करते. धुरात ऑक्सिजन उरलाच नाही, म्हणजे पेट्रोल जास्त, तर ०.८ ते ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन शिल्लक राहिला, म्हणजे पेट्रोल कमी, तर ०.१ ते ०.२ व्होल्ट. मधली रेषा ०.४५ च्या आसपास, आणि ती १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा या प्रमाणाशी जुळते. कॉम्प्युटर मिश्रण सतत या रेषेच्या अलीकडे-पलीकडे करत राहतो, म्हणून चांगल्या पुढच्या सेन्सरचा आकडा कधी एका जागी थांबत नाही.

आता मुद्दा. सेन्सरला पेट्रोल कळत नाही, फक्त ऑक्सिजन कळतो. मग तो कुठूनही आलेला असो. मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलं असेल तर धूर बाहेर पडतो तसा दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची हवा आतही ओढली जाते. एखादा प्लग मधूनच पेटत नसेल तर त्या सिलिंडरमधली सगळी हवा न जळता सायलेन्सरात येते. दोन्ही वेळा सेन्सर इमानदारीने 'ऑक्सिजन जास्त' सांगतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो आणि ॲव्हरेज पडतं. तुमचं ॲव्हरेज ४ ने पडलंय, त्यावरून आमचा संशय इथेच जास्त आहे.

घरी करता येईल अशी पहिली तपासणी प्लगची. चारही प्लग काढून सिलिंडरच्या ओळीनेच कागदावर मांडा. चारही टोकं पांढुरकी, जळाल्यासारखी असतील तर मिश्रणात पेट्रोल खरंच कमी आहे. चारही कोरड्या काळ्या काजळीने माखलेली असतील आणि कोड मात्र 'पेट्रोल कमी' म्हणत असेल, तर सेन्सरला चुकीचा ऑक्सिजन दिसतोय किंवा तो स्वतः खोटं बोलतोय. एकच प्लग ओला किंवा काळा निघाला तर त्या सिलिंडरची कॉइल आणि तो प्लग बघा. सेन्सरचा विषय तिथेच संपला.

दुसरी तपासणी गळतीची. ही सकाळी थंड इंजिनवर करायची, कारण धातू तापून फुगला की बारीक फट बंद होते. इंजिन चालू करा, दुसऱ्याने ओल्या गोणपाटाने सायलेन्सरचं तोंड चार-पाच सेकंद दाबून धरायचं, तुम्ही मॅनिफोल्डपाशी आणि जाळीच्या लवचिक नळीपाशी कान द्या. 'फस्‌ फस्‌' असा आवाज आला किंवा जोडावर काजळीची काळी रेघ दिसली की जागा सापडली. शेताच्या चाकोरीत मधला उंचवटा घासून ही जाळीची नळी फाटणं आपल्याकडे नेहमीचंच आहे.

स्कॅनर हाताशी असेल तर (मोबाइलला जोडायचा ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ स्कॅनर या कामाला पुरतो) त्यात 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' बघा, म्हणजे कॉम्प्युटर नेहमीपेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. शून्याच्या दोन्ही बाजूंना ५-७ टक्के ठीक. १५-२० टक्क्यांच्या वर गेलं की दोष आहे. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता, उभ्या गाडीत) जास्त आणि २,५०० आरपीएमला कमी होत असेल तर हवा कुठून तरी शिरतेय: इनटेकचं (इंजिनात हवा नेणाऱ्या बाजूचं) पॅकिंग, ब्रेक बूस्टरची नळी, उन्हाने तडकलेला रबरी पाइप. उलट, आयडलला बरं आणि चढावर किंवा वेगात वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाही: टाकीतल्या पंपाची जाळी, फिल्टर, इंजेक्टर. एक लक्षात ठेवा, ज्या लहान गाड्यांत हवा मोजायला एमएपी (इनटेकमधला दाब बघणारा) सेन्सर असतो तिथे इनटेकची गळती बऱ्याचदा कोड न देता नुसतं आयडल वाढवून दिसते. एमएएफ (आत जाणारी हवा थेट मोजणाऱ्या) सेन्सरवाल्या गाडीत मात्र ती हमखास पी ०१७१ देते.

यातलं काहीच सापडलं नाही तर मग सेन्सरची पाळी.

प्रश्न : गाडी संत्र्याच्या बगीच्यातल्या शेडमध्ये उभी राहते. पी ०१३५ आला म्हणून पुढचा सेन्सर नवा टाकला. दोन दिवसांत तोच कोड परत. डुप्लिकेट माल दिला असेल का?
– वाचक, वरुड (जि. अमरावती)

उत्तर : माल डुप्लिकेट असूही शकतो, पण शेड म्हटल्यावर पहिला संशय उंदरांवर जातो. पी ०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष. 'सर्किट' म्हणजे हीटर, तारा, कपलर (तारा जोडायचा प्लास्टिकचा जोड), फ्यूज आणि कॉम्प्युटर ही सगळी साखळी. सेन्सर ३०० अंशांखाली काम करत नाही, आणि नुसत्या धुराने तापायला फार वेळ जातो, म्हणून आत बारीक हीटर असतो. तो अर्ध्या ते एक मिनिटात त्याला कामाला लावतो. हीटर बंद पडला तरी गाडी चालते, फक्त सुरू झाल्यावरचा बराच वेळ अंदाजपंचे पेट्रोल घेत राहते.

चार तारांच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन तारा हीटरच्या. डेन्सोच्या सेन्सरला बहुधा दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी अर्थची (अर्थिंगची). बॉश आणि एनटीकेला दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी अर्थची. म्हणजे 'काळी तार हीटरची' असं तोंडपाठ करून ठेवलं तर ते निम्म्या गाड्यांत चुकतं. आधी शिक्का बघा, मग रंग.

कपलर सोडवा आणि सेन्सरच्या बाजूच्या दोन हीटर-तारांत मल्टिमीटर ओहमवर लावा. थंड सेन्सरला साधारण ३ ते १५ ओहमच्या मधला आकडा यायला हवा. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच प्रमाण. मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून आधी तारांचा स्वतःचा ओहम बघा आणि तेवढा वजा करा. मोजायचं सकाळी: तापलेल्या हीटरचा ओहम वाढतो, मेच्या दुपारी बॉनेटखाली घेतलेला आकडा फसवतो. मीटरने काहीच दाखवलं नाही तर हीटर तुटलाय. नव्या सेन्सरचा हीटरच तुटका निघाला तर दुकानदाराशी भांडायला तुम्हाला आधार मिळाला.

हीटर चांगला असेल तर गाडीच्या बाजूचं कपलर तपासा. फ्यूज आधी, बऱ्याच गाड्यांत एकाच फ्यूजवर दोन्ही सेन्सरचे हीटर असतात, त्यामुळे पी ०१३५ आणि ०१४१ जोडीने आले तर फ्यूज किंवा रिले बघायचा, दोन सेन्सर विकत घ्यायचे नाहीत. मग इंजिन चालू ठेवून हीटरच्या पुरवठ्याच्या पिनवर आणि बॉडीवर मीटर लावा. बॅटरीएवढा व्होल्टेज हवा. नुसती चावी फिरवून काही गाड्यांत तो येत नाही, म्हणून इंजिन चालू.

आणि इथेच लोक फसतात. उंदराने तार पूर्ण तोडलेली नसते, चार-दोन बारीक तंतू शिल्लक असतात. मीटरवर १२ व्होल्ट पूर्ण दिसतो, कारण मीटर करंट घेतच नाही. हीटरला एक अँपियरच्या आसपास लागतो, तो त्या तंतूंतून जात नाही. म्हणून त्याच पुरवठ्याच्या पिनला आणि बॉडीला इंडिकेटरचा १० वॉटचा बल्ब लावून बघा. झगझगीत पेटला तर तार चांगली, मंद पेटला तर कुठेतरी कुरतडलेली. हा बल्ब सिग्नलच्या किंवा कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या पिनवर चुकूनही लावायचा नाही, कॉम्प्युटर जाईल. तो हीटरची अर्थ बाजू स्वतः चालू-बंद करतो, त्या बाजूची तार बॅटरी काढून फक्त ओहमवर तपासायची.

तार गाडीच्या बाजूची तुटली असेल तर झाळणी करून, श्रिंक नळी चढवून दुरुस्त होते. सेन्सरच्या अंगाची तार मात्र झाळू नका. आतल्या नळीला जी ताजी हवा लागते ती बऱ्याच सेन्सरमध्ये तारेच्या तंतूंमधून आत जाते. कथिल भरलं की तो रस्ता बुजतो आणि सेन्सर हळूहळू खोटे आकडे देतो. याच कारणाने त्या कपलरमध्ये ग्रीस भरायचं नाही, कॉन्टॅक्ट क्लीनरही मारायचा नाही. जोडायचीच असेल तर दाबून बसवायची क्रिंप नळी वापरा. शेडमधून सरकी ढेप आणि दाण्याची पोती हलवा, तारांवर जाड पन्हाळी नळी चढवा.

प्रश्न : सेन्सर खराब असल्याचं पक्कं झालंय. घरी बदलायचा आहे, जवळचं चांगलं गॅरेज ४० किमीवर. हत्यारं कोणती लागतील? जाम झालेला असेल तर?
– वाचक, समुद्रपूर (जि. वर्धा)

उत्तर : पक्कं कसं केलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून आधी तेच. सिग्नलच्या तारेमागून कपलरमध्ये बारीक सुई सरकवा, डिजिटल मल्टिमीटर २ व्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवा, इंजिन पूर्ण तापवा आणि २,००० ते २,५०० आरपीएमला धरा. आकडा ०.१ ते ०.९ च्या मधे भराभर वर-खाली व्हायला हवा, दहा सेकंदांत निदान पाच-सहा वेळा. तो ०.३ ते ०.६ मध्येच रेंगाळत असेल तर सेन्सर म्हातारा. ०.१ वर खिळलेला असेल तर एकदम ॲक्सिलरेटर दाबा: ०.८ च्या पुढे उडी मारली तर सेन्सर जिवंत आहे आणि मिश्रणातच पेट्रोल कमी आहे. ०.९ वर खिळला असेल तर इनटेकची एक व्हॅक्यूम नळी क्षणभर काढा, ०.२ च्या खाली यायला हवा. सिग्नलच्या तारेवर मीटर ओहमवर लावायचा नाही आणि सुईवाला जुना मीटर तर नाहीच, तो करंट ओढतो. काही नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो, पाच-सहा तारांचा. तो या पद्धतीने तपासता येत नाही, त्याला स्कॅनरच लागतो.

माल मागवताना गाडीचं नाव सांगून भागत नाही. जुन्या सेन्सरवर किंवा त्याच्या तारेच्या चिठ्ठीवर पार्ट नंबर असतो, त्याचा फोटो पाठवा. पुढचा की मागचा, तारेची लांबी, कपलरचा आकार, हे तिन्ही जुळलं पाहिजे. तारा कापून जोडायचा 'युनिव्हर्सल' सेन्सर स्वस्त पडतो, पण रंगांचा घोळ आणि जोडाचा घोळ बघता आम्ही तो सुचवत नाही.

हत्यारं: २२ चा पाना, शक्यतो तार जायला चीर असलेली सेन्सरची गोटी, लांब दांडा, गंज सोडवायचा स्प्रे, जाड चामड्याचे हातमोजे. गाडीखाली जायचं असेल तर जॅकवर भरवसा नको, लोखंडी स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे लावा. विटा नकोत, विट फुटते.

आदल्या संध्याकाळी आट्यांच्या मुळाशी स्प्रे मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. कोमट धातूत आटे सुटतात, पूर्ण थंड असेल तर अडतात, आणि लाल तापलेल्या मॅनिफोल्डवर हात भाजतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. कपलर सोडवा, त्याची क्लिप आधी दाबायची. उन्हाने कडक झालेलं प्लास्टिक ओढल्यावर मोडतं. चिरेची गोटी नसेल आणि जुना सेन्सर टाकूनच द्यायचा असेल तर सरळ तारा कापा आणि २२ चा रिंग पाना वरून चढवा, उघड्या पान्यापेक्षा तो कोपरे खात नाही. हलत नसेल तर आधी किंचित आवळण्याच्या दिशेने जोर द्या, टक्‌ झालं की मग उलटा. अर्धा आटा सुटला, पुन्हा अडला, तर जबरदस्ती नको: स्प्रे, अर्धा फेरा मागे, अर्धा पुढे. घाईत ओढला तर मॅनिफोल्डचे आटे सेन्सरसोबत बाहेर येतात आणि मग साडेचार हजारांचं काम मॅनिफोल्डवर जातं. आटे थोडे खराब झाले असतील तर एम १८ बाय १.५ च्या टॅपवर ग्रीस लावून हळू फिरवा. कीस ग्रीसला चिकटतो, कॅटमध्ये पडत नाही. (बहुतेक कारचे सेन्सर याच आट्यांचे असतात.)

नव्या सेन्सरची टोपी बसवायच्या क्षणापर्यंत काढू नका. टोकाला बोट, तेल, स्प्रे काही लागू देऊ नका. हातातून फरशीवर पडला तर आतली नळी तडकलेली असू शकते, बाहेरून कळत नाही. आट्यांवर करडं-तांबूस मलम कंपनीनेच लावलेलं असतं, त्यावर आणखी काही थापायची गरज नाही. पहिले चार-पाच फेरे फक्त बोटांनी. मग ४० ते ५० न्यूटन मीटर, मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो. टॉर्क पाना नसेल तर पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर १६ किलोच्या आसपास जोर म्हणजे ४० न्यूटन मीटर. दोन्ही हातांनी लटकायचं नाही. सेन्सर आवळून झाल्यावरच कपलर जोडा, नाहीतर तार पिळते. तार पूर्वीच्याच क्लिपांमध्ये बसवा. सायलेन्सरला टेकलेली तार पहिल्याच लांबच्या फेरीत वितळते.

बॅटरी जोडून कोड पुसा. आयडल थोडं वेडंवाकडं वाटेल, शिकलेले आकडे पुसले गेलेले असतात. वीसेक किमी वेगवेगळ्या वेगाने चालवा आणि परत स्कॅनर लावा.

प्रश्न : जुना सेन्सर पेट्रोलने किंवा ॲसिडने धुतला, टॉर्चने जाळला तर परत चालतो असं व्हिडिओत दाखवतात. खरं का?
– वाचक, मेहकर (जि. बुलडाणा)

उत्तर : नाही. काजळी जळते, पण काजळीने सेन्सर मरत नाही. मिश्रण सुधारलं की ती आपोआप जाते. ज्याने मरतो ते धुऊन निघत नाही. ॲसिड प्लॅटिनमला लागतं आणि टॉर्चच्या एकाच जागच्या झळीने चिनीमाती तडकते.

टोकाचा रंग मात्र नीट बघा, तो इंजिनचा आजार सांगतो. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तपकिरी-करडा चिकट थर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढरट-हिरवट कण म्हणजे कूलंट जळतंय, हेड पॅकिंग बघा. पांढरी चकचकीत, काचेसारखी पापडी म्हणजे सिलिकॉन. ती बहुधा गॅरेजमधूनच येते: टॅपेट कव्हरला (इंजिनवरच्या झाकणाला) पॅकिंगऐवजी ट्यूबमधलं साधं सिलिकॉन थापतात, त्याची वाफ क्रँककेसमधून इनटेकमध्ये जाते आणि जळून सेन्सरवर बसते. ट्यूबवर 'सेन्सर सेफ' लिहिलेलंच सीलंट वापरायला सांगा. मूळ दोष न काढता नवा सेन्सर टाकला तर तोही त्याच रंगाचा होऊन बाहेर येईल. एरवी चांगल्या इंजिनात हीटरवाला सेन्सर दीड लाख किमीच्या आसपास टिकतो.

पावसाळ्यात नाल्यावरून पाणी वाहत असताना गाडी घातली आणि दुसऱ्या दिवशी कोड आला, असंही दोघांनी कळवलं आहे. तापलेल्या चिनीमातीवर थंड पाणी पडलं की ती तडकते. हा सेन्सर बदलावाच लागतो.

प्रश्न : सात सीटची गाडी आहे, बाहेरून सीएनजी किट बसवलं. गॅसवर चालवली की दिवा लागतो, चार दिवस पेट्रोलवर चालवली की जातो.
– वाचक, बुटीबोरी (जि. नागपूर)

उत्तर : सेन्सर चांगला आहे, किटचं ट्यूनिंग बिघडलंय. पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, सीएनजीला १७ पटींच्या थोडी वर. हा फरक किटच्या कॉम्प्युटरने सांभाळायचा असतो. गॅस फिल्टर बदला, रिड्यूसरचा (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचा) दाब तपासा आणि किट बसवणाऱ्याकडे लॅपटॉप लावून गॅसवरचे फ्युएल ट्रिम पेट्रोलएवढे करून घ्या. जुन्या मिक्सरच्या किटमध्ये सेन्सरच्या तारेत एक डबी जोडतात, ती कॉम्प्युटरला खोटा सिग्नल देत असते. तिचे जोड सैल झाले तरी हेच होतं. दिवा आपोआप जातो कारण लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की कॉम्प्युटर तो विझवतो. कोड मात्र आत काही दिवस राहतो.

प्रश्न : पी ०४२० आला. एक जण म्हणतो मागच्या सेन्सरखाली नळी लावून देतो, दिवा कायमचा बंद. दुसरा म्हणतो कॅट फोडून रिकामं करू, पिकअप वाढेल. काय करावं?
– वाचक, आरमोरी (जि. गडचिरोली)

उत्तर : दोघांनाही नको म्हणा. मागचा सेन्सर कॅटचं काम तपासतो. कॅट चांगलं असेल तर तो ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास शांत राहतो, पुढचा कितीही नाचला तरी. मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागला की पी ०४२० येतो. म्हणजे सेन्सर आपलं काम करतोय. सायलेन्सरची गळती असली तरी हा कोड येतो, म्हणून आधी वर सांगितलेली गोणपाटाची तपासणी करा.

नळी लावल्याने मागच्या सेन्सरला धूर कमी लागतो, एवढंच. कॅट बरं होत नाही. ते मरतं बहुधा मिसफायरने, म्हणजे प्लग मधूनच न पेटल्याने: न जळलेलं पेट्रोल आत जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. वितळलेली जाळी सायलेन्सर चोंदते, पिकअप त्यामुळे जातो. रिकामं केल्यावर 'वाढलेला' पिकअप हा तोच परत आलेला असतो. बीएस-४ पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो, कॅट नसेल तर तिथे अडेल. आणि प्रदूषणाच्या कलमाखाली दंड १० हजारांपर्यंत आहे.

तुमच्या भागासाठी आणखी एक. चांगलं कॅटसुद्धा चालताना आत ४०० ते ८०० अंश तापतं. मिसफायर असताना त्याहून जास्त. अशी गाडी खळ्यावर धानाच्या तणसावर उभी करू नका, पश्चिमेकडच्या वाचकांनी सोयाबीनच्या कुटारावर किंवा पऱ्हाटीवर. दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर मिसफायर चालू आहे. वेग कमी करा, मोकळ्या जमिनीवर थांबवा.

प्रश्न : २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने ऑक्सिजन सेन्सर खराब होतो का? आणि आमच्या बीएस-६ बाइकलाही हा सेन्सर असतो म्हणतात.
– वाचक, रिसोड (जि. वाशीम)

उत्तर : इथेनॉलने सेन्सर मरत नाही. इथेनॉलमध्येच ऑक्सिजन असतो, त्यामुळे ई-२० ला १४.७ ऐवजी साडेतेरा पट हवा पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला निव्वळ पेट्रोलपेक्षा ८-९ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. सेन्सर ते ओळखतो, कॉम्प्युटर देतो, ॲव्हरेज थोडं पडतं. आधीच १०-१२ टक्के जास्त पेट्रोल देत चाललेली जुनी गाडी मात्र यामुळे हद्द ओलांडून पी ०१७१ देऊ शकते. खरा धोका पाण्याचा आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. बाटलीतलं, पावसाळाभर ठेवलेलं पेट्रोल तळाशी वेगळं होतं आणि मिसफायर करतं. असं पेट्रोल फवारणीच्या पंपातही घालू नका.

बाइकला असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर इंजेक्शनवाल्या बाइकच्या सायलेन्सरच्या वाकाजवळ तो बघायला मिळतो. आटे कारपेक्षा बारीक असतात, २२ चा पाना आणि कारचा टॉर्क तिथे चालत नाही. काहींना एकच तार असते, हीटर नसतो. तपासायच्या आधी दहा मिनिटं चालवून इंजिन तापवावं लागतं. एका तारेच्या सेन्सरचं अर्थिंग सायलेन्सरातूनच जातं, म्हणून जोडावर गंज चढला तरी सिग्नल बिघडतो. काळ्या मातीचा चिखल तारेवर वाळून कडक होतो आणि ओढताना तार कपलरमधून निसटते. चिखल काढताना वॉशिंगचा जोराचा फवारा तापलेल्या सेन्सरवर मारू नका. बादलीभर पाण्याने, इंजिन थंड झाल्यावर, हाताने काढा.